सरावाची तुळसाबाई

मी तुळसाबाई बोलतेय. दचकू नका. नाव माणसाचं असलं तरी मी माणूस नव्हे. रुग्णसेवेच्या वर्गात पलंगावर एक रबरी बाई झोपवलेली असते ना, डोळे सताड उघडे, तोंड किंचित वासलेलं, ती मी. शिकणारी पोरं मला डमी म्हणतात. त्यांनी आधी माझ्या अंगावर हात बसवायचा आणि मगच खऱ्या आजारी माणसाला हात लावायचा, एवढ्यासाठी माझा जन्म.

जन्म कारखान्यातला. साच्यातून धड वेगळं निघालं, हातपाय वेगळे, डोकं सगळ्यात शेवटी. एका बाईनं माझ्या भुवया रंगवल्या. तिला घरी जायची घाई असावी, कारण डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर गेली. तेव्हापासून मला कशाचं तरी कायम नवल वाटतंय, असं माझ्या तोंडाकडे पाहून लोकांना वाटतं. खरं सांगू, नवल वाटण्यासारखं पुढे पुष्कळ पाहिलंही.

नागपूरला मी खोक्यातून आले. धंतोलीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर प्रशिक्षण केंद्र होतं, तिथे माझा पलंग खिडकीशी लावला. खिडकीखाली अख्खी धंतोली. दर दोन इमारतींमागे एक दवाखाना, त्याला लागून औषधांचं दुकान, समोर नारळपाण्याची गाडी, आणि फुटपाथवर पिशव्या, सतरंज्या घेऊन बसलेले यवतमाळ-चंद्रपूरकडचे लोक. त्यांचं कोणीतरी आत भरती असायचं. आमच्या वर्गात शिकलेल्या मुली त्याच दवाखान्यांमधून कामाला लागायच्या.

शिकवायला सुहासिनी सिस्टर होत्या. सरकारी दवाखान्यात उभी हयात काढून निवृत्त झालेल्या. बारीक अंगाच्या, केसांचा घट्ट अंबाडा, पदर खोचलेला. त्यांनीच माझं खोकं फोडलं, अंगावरची पावडर पुसली आणि मला निळा गाउन घातला. पोरी खिदळत होत्या. एकीनं माझ्या नाकात बोट घालून पाहिलं.

"ए, पेशंटच्या नाकात असं बोट घालशील का वं?" सिस्टर म्हणाल्या. "हिला डमी म्हणायचं नाही. ही तुळसाबाई. गाव काटोल. वय पासष्ट. मुलगा सकाळी डबा ठेवून गेला, तो संध्याकाळीच येईल. उठता येत नाही हिला. चला, हिचं कोण करते आता?"

खिदळणं थांबलं. मला त्या क्षणी गाव मिळालं, वय मिळालं आणि एक मुलगाही मिळाला. तो कधी आला नाही, ती गोष्ट वेगळी.

सिस्टरच्या वर्गाची रीत निराळी होती. तिथे पन्नासपैकी किती मार्क पडले, असं कोणी विचारत नसे. पलंगावरच्या माणसाची चादर त्याला न उठवता बदलणं, त्याला कुशीवर वळवणं, भरवणं, तोंड धुणं, पलंगावरून व्हीलचेअरवर बसवणं, अशी कामं ठरलेली. एकेक काम समोर करून दाखवायचं. आलं, तर सिस्टर म्हणत, "जमलं." नाही आलं, तर म्हणत, "अजून नाही." नापास हा शब्द त्या खोलीत चालत नसे. कोणाच्या हाताला एखादी गोष्ट दोन दिवसांत येई, कोणाला महिना लागे. शेवटी बाहेरून एक परीक्षक येई आणि तोही हेच पाही की हाताला आलंय की नाही.

"पाठ म्हणून नको दाखवू," सिस्टर सांगत. "तुळसाबाईले पाठांतराचा काय उपयोग?"

किती जणी आल्या, किती गेल्या. पहिल्यांदा माझं अंग पुसताना कोणी लाजून तोंड फिरवायची, कोणी माझे केस विंचरता विंचरता आपल्या आईबद्दल बोलत बसायची. पण या सगळ्यांत माझ्या मनात घर करून राहिली ती देवकी.

देवकी शिकाऊ पोर नव्हती. चाळिशी ओलांडलेली, आडव्या हाडाची, कपाळावर मोठं कुंकू, मनगटं लाकडासारखी. तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात ती कितीतरी वर्षं आया होती. तिथे नवीन व्यवस्थापन आलं आणि त्यांनी सांगितलं, ज्यांच्याकडे रुग्णसेवेचं सर्टिफिकेट नाही, त्यांनी पेशंटला हात लावायचा नाही. अनुभव असलेल्या बायांसाठी थोड्या दिवसांचा सराव आणि मग परीक्षा, अशी सोय आमच्याकडे होती. म्हणून ती आली, आणि आली ती धुसफुसतच.

"मले काय शिकवता सिस्टर?" दारातच तिनं सुनावलं. "अर्धी धंतोली मी कुशीवर वळवली."

"मग हिलेही वळव," सिस्टर शांतपणे म्हणाल्या.

देवकीनं पदर खोचला, पलंगाशी आली, माझ्या काखेत हात घातला आणि असा हिसका दिला की मी वळले, पण माझा उजवा हात तिच्याच हातात राहिला. खांद्यातून निखळून आला होता.

सगळा वर्ग हसायला लागला. देवकी माझा हात धरून तशीच उभी. तिचं तोंड लालबुंद झालं.

"बाहुलीच कच्ची आहे तुमची," ती पुटपुटली.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी तिच्याकडून हात घेतला, बसवला आणि वरून पट्टी गुंडाळली. तो खांदा पुढे कायमचा सैल राहिला.

सरावाचे दिवस देवकीनं कसेबसे काढले. ती यायची, कोपऱ्यात बसायची, जांभया द्यायची. सिस्टर म्हणायच्या, हात काखेत घालून ओढू नको, पेशंटच्या कमरेला पट्टा बांध आणि तो धरून उचल. देवकी म्हणायची, "हो हो, माहीत आहे." खोटं नव्हतं ते. ऐकून तिला सगळं माहीत झालं होतं. हातांना मात्र माहीत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मोहित सर आले. किडकिडीत, चष्मेवाले, हातात टॅब. ते कोणावर ओरडत नसत की कोणाला टोकत नसत. नुसते उभे राहून पाहत. पोरींना त्या पाहण्याचीच जास्त भीती वाटे.

देवकीला काम आलं मला व्हीलचेअरवर बसवायचं. तिनं हात धुतले, खुर्ची पलंगाला लावली, मला उठवून बसवलं. सगळं झपाझप. मग मला उचललं आणि खुर्चीत टेकवलं. टेकवलं, पण खुर्ची मागे सरकली. मी खाली गेले. फरशीवर आपटून माझ्या खुब्यातून कडकन आवाज आला.



मोहित सरांनी टॅब ठेवला आणि मला उचलायला हात लावला. मग म्हणाले, "ताई, बाकीचं तुम्हाला येतं. पण खुर्चीचा ब्रेक लावला नाही आणि पेशंट पडला. मला ‘सक्षम’ असं लिहिता येणार नाही. पुन्हा संधी आहे तुम्हाला."

"पेशंट?" देवकी उसळली. "रबराची बाहुली पडली. जित्तं माणूस माझ्या हातून आजवर पडलं नाही!"

"काहून नाही पडलं, ते सांग," सुहासिनी सिस्टर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

"काहून म्हणजे? बळीराम धरते नं खुर्ची मागून." बळीराम हा तिच्या वॉर्डातला वॉर्डबॉय.

"आणि बळीराम सुट्टीवर असला तर?"

 देवकीच्या अर्ध्या वयाच्या पोरी तिच्याकडे पाहत होत्या. तिनं चपला पायात घातल्या नाहीत, हातात घेतल्या आणि अनवाणीच जिना उतरून गेली.

पुढे कळलं की तिच्या दवाखान्यात तिला वॉर्डातून काढून व्हरांडा पुसायला लावलं. ज्या बायांना ती कामं सांगायची, त्या आता तिच्या ओल्या फरशीवरून जपून चालत जायच्या. हे सगळं एका मुलीनं माझी चादर घालता घालता दुसरीला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. माझ्या पडण्यामुळे एका बाईचं काम गेलं होतं.

माझीही गत काही बरी नव्हती. खुब्याला तडा गेलेला. नवीन जोड यायला वेळ लागणार होता, म्हणून मला कोपऱ्यात खुर्चीवर टेकवून ठेवलं. पलंग रिकामा पडला आणि शिकणाऱ्या मुलींचा सराव अडला. तेव्हा सिस्टरनी फोन उचलला.

"देवकी, सुहासिनी बोलते. तुळसाबाईचा खुबा गेला. तिच्या जागी झोपायला कोणी नाही. तू येशील का?"

पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "शिकायला नाही बोलावत वं. नुसती झोपायला ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी देवकी आली. साडीचा काठ पुसण्याच्या पाण्यानं ओला होता. माझ्याकडे एकदा पाहिलं, चटकन नजर वळवली आणि माझ्या पलंगावर आडवी झाली.

मेघा नावाची एक घाबरट मुलगी होती, रामटेककडची. त्या दिवशी सरावाची पाळी तिची होती. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, मी मेघा. तुम्हाला खुर्चीत बसवते आता. आधी कुशीवर वळवते हं."

"वळव बापा, वळव," देवकी म्हणाली.

मेघानं तिला वळवलं, बसवलं. मग उठवताना तिचा जीव घाबरला. पट्टा सोडून तिनं दोन्ही हात देवकीच्या काखेत घातले आणि ओढलं. अगदी देवकी ओढायची तसंच.

"आई गं!" देवकी ओरडली. आणि तिनं मेघाची बाही मुठीत गच्च धरली.

मेघानं घाबरून तिला परत पलंगावर बसवलं. "लागलं का काकू?"

 देवकीला बाही सोडायचं सुचलं नाही. कितीतरी माणसं तिनं उचलली होती, पण तिला स्वतःला कोणी कधी उचललं नव्हतं. ती म्हणाली, "पायाखाली काहीच नाही असं वाटते वं. एवढी भीती वाटते काय?"

सिस्टर खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या. 

"अजून एक बार उचल," देवकी मेघाला म्हणाली. "या टाइमाले पट्ट्यानं."

त्या दुपारी तिनं स्वतःला किती वेळा उचलून घेतलं, कोण जाणे. पट्ट्यानं, काखेतून, एकीनं, दोघींनी. प्रत्येक वेळी काय होतं ते ती मुलींना सांगायची. इथे ओढ बसते. इथे बरं वाटते. आधी सांगितलं की जीव घाबरत नाही, न सांगता हात लावला की अंग आखडते. मुली भोवती जमल्या होत्या. जाताना ती माझ्यापाशी थांबली, पट्टीवरून माझ्या खांद्यावर हात फिरवला आणि गेली.

नंतर ती रोज यायला लागली. व्हरांडा पुसून झाला की सरळ आमच्याकडे. माझा खुबा जोडून आला आणि मी परत पलंगावर गेले. आता खरा सराव सुरू झाला आणि तो सोपा नव्हता. तिचं मन वळलं होतं, हात वळत नव्हते. बोलता बोलता तिचे हात आपोआप माझ्या काखेत जायचे. ती स्वतःवरच चिडायची, "पाहा सिस्टर, पुन्हा गेले!" सिस्टर म्हणायच्या, "जाऊ दे. काढ आणि पुन्हा कर." मग ती काढायची आणि पुन्हा करायची. आधी ब्रेक, मग पाऊल, मग पट्टा. चालीवर म्हटल्यासारखी ओठांतल्या ओठांत म्हणायची. मला त्या संध्याकाळी अजून आठवतात. खाली रस्त्यावर रिक्षांचा गलका, वर आम्ही तिघीच, आणि सिस्टरनी स्टोव्हवर ठेवलेल्या चहाचा वास. मला चहा पिता येत नाही, पण माझ्या उशाशीही एक कप ठेवायची देवकीची पद्धत होती. नंतर तोही तीच प्यायची.

मोहित सर पुन्हा आले, तेव्हा देवकीच्या कपाळावर घाम होता. सिस्टरना परीक्षा चालू असताना बोलायची परवानगी नसे, म्हणून या वेळी त्या दाराबाहेर जाऊन बसल्या. देवकीनं हात धुतले. मला नमस्कार केला, काय करणार ते सांगितलं. खुर्ची लावली, ब्रेक लावला, हलवून पाहिला. पट्टा बांधला. मला उठवायला लागली.

आणि माझा दुरुस्त केलेला खुबा मधेच अडकला. ना धड उभी, ना बसलेली. मला वाटलं, झालं. आता ती हिसका देणार. तिच्या अंगात तेवढी ताकद होती आणि तिची सारी नोकरी त्या एका उचलण्यावर टांगलेली होती.

देवकीनं हिसका दिला नाही. तिनं मला हळूच मागे पलंगावर टेकवलं, एक हात माझ्या पाठीशी ठेवला आणि मान वळवून म्हणाली, "सर, हिचा खुबा अडकून राहिला. एकटीनं ओढलं तर पडेल. तुम्ही त्या बाजूनं धरा."

 मोहित सर टॅब स्टुलावर ठेवून आले. तिनं सांगितलं तसं त्यांनी धरलं, दोघांनी मिळून मला उचललं आणि मी खुर्चीत बसले. देवकीनं माझे पाय खुर्चीच्या पायठेवणीवर नीट ठेवले, गाउन गुडघ्यांवरून खाली ओढला.

"मदत मागणं हेही आम्ही पाहतो," मोहित सर म्हणाले. "फार कमी लोक मागतात. सक्षम."

देवकीला तो सरकारी शब्द कळला नसावा. तिनं भेदरून विचारलं, "म्हणजे काय जी?"

"म्हणजे जमलं," दाराबाहेरून सिस्टरचा आवाज आला. त्यांना राहवलं नाही.

देवकी मटकन माझ्या रिकाम्या पलंगावर बसली आणि तिनं पाणी मागितलं.

ती वॉर्डात परत गेली. पण संध्याकाळी आमच्याकडे येणं तिनं सोडलं नाही. सिस्टरच्या हाताखाली नव्या मुलींना शिकवू लागली. ते माझे सुखाचे दिवस. पलंगाच्या एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला देवकी, मधे मी, आणि भोवती माना उंचावून पाहणाऱ्या मुली. सुख चालू असताना कळत नाही म्हणतात ना, रबरालाही ते कळत नाही.

मग सिस्टर थकल्या. एका उन्हाळ्यात त्यांनी काम सोडलं. केंद्र दुसऱ्यांच्या हातात गेलं आणि नवी डमी आली. तिच्या छातीत दिवे लागतात, चुकलं की ती आवाज करते, म्हणे. चांगलं आहे. माझ्यात असं काही नव्हतं. मला चादरीत गुंडाळून सामानाच्या खोलीत ठेवलं, कुलरच्या वाळ्याच्या जुन्या टट्ट्यांशेजारी. उन्हाळा आला की टट्ट्या बाहेर जायच्या, थंडीत परत यायच्या. मी मात्र बाराही महिने तिथेच. त्या वाळ्याच्या वासात मी मागचं सारं आठवत पडून राहायची. देवकी तेवढी कधीमधी येऊन माझ्यावरची धूळ झटकायची.

यंदा थंडीत खोलीचं दार उघडलं. देवकी होती. केस पांढरे झालेले. बरोबर एक शिकलेली मुलगी, डोळे सुजलेले.

"ही हिमानी. सिस्टरची भाची," देवकी मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. "सिस्टरले लकवा मारला वं. उजवं अंग गेलं. ही पोरगी हात लावायले भेते."

"मी मावशीला पाडेन," हिमानी म्हणाली. "बाई ठेवू या ना, देवकीमावशी."

"बाई दिवसा येईन. रात्री? रविवारी? तुले आलंच पाहिजे. आधी हिच्यावर शिक."

केंद्रानं मला आनंदानं देऊन टाकलं. ऑटोत मला मधे बसवून त्या दोघी धरमपेठेत सिस्टरच्या घरी निघाल्या. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरचा माणूस माझ्याकडे पाहतच राहिला. देवकी त्याला म्हणाली, "पेशंट आहे गा. पाहून काय राहिला?"

वरच्या मजल्यावर सिस्टरच्या खोलीत त्यांच्या पलंगाशेजारी मला खाट मिळाली. त्या अंबाड्याचे केस कापलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहिलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला ते समजलं. ज्यांनी इतक्या जणींना उठवून बसवायला शिकवलं, त्यांना कुशीवर वळायलाही दुसऱ्याचा हात हवा होता.

हिमानी माझ्यावर शिकू लागली. सिस्टर भिंतीकडे तोंड करून ऐकत. हिमानी चुकली की पलंगावरून रागाचा हुंकार येई. एकदा देवकी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही आता पेशंट आहा. हूं हूं नका करू. कुठं दुखते तेवढं सांगा." आणि त्या आजारी तोंडावर मी कितीतरी दिवसांनी हसू पाहिलं, वाकडं का होईना. महिनाभरात हिमानीनं मावशीला उचलून गॅलरीतल्या खुर्चीत बसवलं.  देवकी बाजूला उभी होती, पण तिनं हात लावला नाही.

आता माझं म्हणाल, तर वयानुसार बरं चाललंय. खांदा सैल आहे, खुबा कुरकुरतो, चेहऱ्यावरचा रंग उडतोय. तरी मी कामावर आहे. सिस्टरनी डाव्या हातानं सारं करायला शिकावं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. स्वतःच्या अंगावरची बटणं त्यांना दिसत नाहीत, माझ्या अंगावरची दिसतात. म्हणून सकाळचं ऊन गॅलरीत आलं की मला हिमानीचा जुना स्वेटर घालून त्यांच्यासमोर बसवतात आणि त्या एका हातानं माझी बटणं लावतात. बटण निसटतं, भलत्याच काजात जातं. त्या रागावतात, थांबतात, रस्त्याकडे पाहतात. मग पुन्हा हात पुढे करतात.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. केंद्रातून किंवा आणखी कुठून मला न्यायला कोणी आलं, तर त्यांना आताच वर पाठवू नका. जरा खाली बसवा, पाणी द्या. वरचं बटण लागलंय, खालचं सिस्टरच्या बोटांत आहे, आणि मी अगदी हलत नाहीये.